ना. वि. जगताप यांची पहिली कथा

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची एक कथा आली. लेखक : नारायण विनायक जगताप. कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि मग उलगडा झाला की या नावाचा माणूसच नाही. कथा खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर यांची होती. ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी वाचली की ना. वि. ज. होतात. आपले हस्ताक्षर परीक्षकांपैकी कोणी ओळखेल म्हणून त्यांनी संपूर्ण कथा पत्नी मंगला यांच्याकडून लिहून घेतली होती.

एवढी काळजी का, हे त्या वेळचे नारळीकर डोळ्यांपुढे आणल्याशिवाय कळत नाही. १९६४ मध्ये केंब्रिजमधले आपले गुरू, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्याबरोबर मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतामुळे त्यांचे नाव जगभर गेले होते. १९६५ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या आत, त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७२ मध्ये केंब्रिज सोडून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, तेव्हा महाराष्ट्रात घरोघरी ते माहीत होते. अशा माणसाची कथा नाकारायला कोणता परीक्षक धजावला असता? म्हणून त्यांनी नाव बाजूला ठेवले. नवख्याने जशी द्यावी तशी कथा दिली आणि ती कथा म्हणूनच जोखली गेली. त्यांच्या पुढच्या पन्नास वर्षांच्या लेखनाकडे मी नेहमी या दारातून पाहतो.

त्या कथेचा जन्म अहमदाबादला एका वैज्ञानिक परिसंवादात झाला. एक भाषण कंटाळवाणे होत चालले होते, तेव्हा समोरच्या कागदांवर त्यांनी गोष्ट लिहायला घेतली. विषय तेव्हा ताजा होता. कृष्णविवर म्हणजे ज्याच्या गुरुत्वाकर्षणातून प्रकाशही सुटत नाही अशी वस्तू. तिचे 'ब्लॅक होल' हे नाव शास्त्रज्ञांमध्येच १९६७ च्या सुमारास रुळले. त्यानंतर सातच वर्षांनी मराठी वाचकाच्या हातात कृष्णविवराची गोष्ट आली, तीही त्या विषयात रोज काम करणाऱ्या माणसाकडून.

मराठीत विज्ञानकथा त्याआधीही होती. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मुलांपर्यंत पोचवला होता, नारायण धारपांनी त्या वाटेने बरेच लिहिले होते आणि १९६६ मध्ये स्थापन झालेली विज्ञान परिषद स्पर्धा घेऊन नवे लेखक शोधत होती. मात्र साहित्याच्या दिवाणखान्यात या प्रकाराला कोणी खुर्ची देत नव्हते. १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी या नव्या लेखनाची दखल घेतली, तेव्हा हे चित्र हलू लागले. किर्लोस्कर मासिकाच्या मुकुंदराव किर्लोस्करांनी कथा मागितल्या. १९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' हा पहिला संग्रह आला आणि त्याला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. मग 'अंतराळातील भस्मासुर', 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस', 'अभयारण्य' अशी पुस्तके येत राहिली. हे सगळे संशोधन, अध्यापन आणि नंतर संस्था उभारण्याचे काम चालू असताना. पुण्यात १९८८ मध्ये सुरू झालेल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्राचे ते संस्थापक संचालक होते आणि २००३ पर्यंत तो भार त्यांच्या खांद्यावर होता.

गोष्ट लिहिणारा खगोलशास्त्रज्ञ त्यांना केंब्रिजमध्येच भेटला होता. त्यांचे गुरू हॉईल स्वतः कादंबरीकार होते. त्यांची 'द ब्लॅक क्लाउड' १९५७ मध्ये निघाली, त्याच वर्षी नारळीकर बनारसहून केंब्रिजला गेले. मला मात्र त्यांच्या कथेचे मूळ त्याही मागे, बनारसच्या घरात दिसते. वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख होते, आई सुमती संस्कृतच्या जाणकार. घरात लिहायचे फळे टांगलेले होते. मामा त्यातल्या एकावर गणित लिहून ठेवत, वर मथळा : 'जेव्हीएनला आव्हान'. ते सुटेपर्यंत पुसायचे नाही. त्यांच्या कथेची बांधणी बघा, बहुतेकदा अशीच असते : आधी एक न सुटणारे कोडे फळ्यावर येते, मग आपण त्याच्याभोवती घुटमळतो आणि शेवटी उत्तर येते.

शाळा हिंदी माध्यमाची, मराठी घरची. त्यामुळे त्यांची मराठी साधी, अलंकाराच्या मोहात न पडणारी राहिली. काही समीक्षकांना ती कोरडी वाटली. विज्ञानकथेला मात्र ती फार मानवली, कारण वाचक शब्दांत न अडकता थेट कोड्यापाशी पोचतो.

'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेजवळ जरा थांबतो, कारण त्यांची सगळी रीत तिच्यात दिसते. प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याचे इतिहासकार. पानिपतात मराठे जिंकले असते तर, या विचारात चालताना त्यांना ट्रकची धडक बसते आणि ते ज्या जगात जागे होतात तिथे मराठे खरोखरच जिंकलेले असतात. ते जिजामाता एक्स्प्रेसने मुंबईला निघतात. पुढे सरहद्द लागते, गाडीच्या डब्यांवर छोटे युनियन जॅक दिसतात, कारण मुंबईत अजून इंग्रज आहेत. टाउन हॉलच्या ग्रंथालयात त्यांना स्वतःच लिहिलेले इतिहासाचे पाच खंड सापडतात. ते थेट पानिपताचे पान उघडतात. आपल्या इतिहासात विश्वासरावांना गोळी लागली. इथल्या बखरीत ती कानाजवळून, तीळभर अंतराने निघून गेली आहे. ते पान त्यांच्या खिशात राहते आणि परत आल्यावर तेवढाच पुरावा उरतो.

तो तीळ म्हणजे पूर्ण कथा आहे. मोठ्या घटनेचा तोल कुठे एका अणूएवढ्या फरकावर उभा असतो, हे कॅटॅस्ट्रॉफी थिअरीचे म्हणणे आणि अनेक शक्यतांपैकी कोणती प्रत्यक्षात येईल हे आधी सांगता येत नाही, हे पुंजवादाचे, म्हणजे क्वांटम सिद्धांताचे म्हणणे. दोन्ही गोष्टी वर्गात शिकवल्या तर अर्धा वर्ग झोपेल. पण पानिपताची ठसठस मराठी माणसाच्या मनात अडीच शतके आहे. नारळीकरांनी विज्ञान नेऊन नेमके त्या दुखऱ्या जागेवर ठेवले. ही कथा इंग्रजीत 'द अॅडव्हेंचर' या नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात गेली. देशभरातल्या मुलांनी ती वाचली. तरी विश्वासराव हे नाव वाचताना पोटात जे कालवते, ते मराठी वाचकाचेच, असे मला मनापासून वाटते.

'उजव्या सोंडेचा गणपती'मध्येही हेच. क्रिकेटच्या सामन्यात एक गोलंदाज अचानक डावखुरा होऊन येतो, घरातल्या गणपतीची सोंड बाजू बदलते आणि त्यातून मोबियस पट्टीची (एक पीळ देऊन टोके जोडलेल्या पट्टीची), डावे-उजवे उलटे होण्याची भूमिती समोर येते. उजव्या सोंडेचा गणपती कडक असतो, त्याचे सोवळे पाळावे लागते, हे ज्या घरात आजी सांगते तिथे वेगळी प्रस्तावना लागतच नाही. 'धूमकेतू'मध्ये हौशी खगोलनिरीक्षक दत्ता यांनी शोधलेला धूमकेतू पृथ्वीच्या रोखाने येत असतो. शास्त्रज्ञ अणुस्फोटाने त्याची वाट बदलतात आणि घरी पत्नी मात्र नातवाच्या हातून केलेल्या शांतियज्ञाला श्रेय देते. दत्तांचा हताशपणा लेखकाचा स्वतःचा आहे. पुढे २००८ मध्ये नरेंद्र दाभोलकर आणि इतरांबरोबर त्यांनी ज्योतिषाची प्रत्यक्ष चाचणी घेतली, पत्रिका ज्योतिषांना देऊन त्यांची भाकिते संख्याशास्त्राने तपासली आणि ती नाणे उडवण्यापेक्षा सरस ठरली नाहीत. कथेत जे खटकत होते तेच त्यांनी प्रयोगात धरले.

'वामन परत न आला'च्या नावाबद्दल एक सांगायलाच हवे. जमिनीखाली पुरलेल्या पेटीतून एका लुप्त, प्रगत संस्कृतीचे ज्ञान हाती येते आणि त्यावरून वामन नावाचा यंत्रमानव तयार होतो. इंग्रजीत हीच कादंबरी 'द रिटर्न ऑफ वामन' झाली. मराठी नाव म्हणते परत आला नाही, इंग्रजी नाव त्याच्या परतण्याविषयी बोलते. वामनाने दोन पावलांत सगळे व्यापले आणि तिसरे पाऊल मस्तकावर आले, ही कथा माहीत असलेल्या वाचकाला मराठी नावातली सुटका लगेच कळते. आज बुद्धिमान यंत्रांबद्दल चर्चा चालू असताना ही कादंबरी पुन्हा वाचावी.

उणेही आहे. त्यांची माणसे बऱ्याचदा कोड्याची ओझी वाहणारी असतात, स्त्रिया तर फारच पुसट. शेवटी एखादा शास्त्रज्ञ मित्र खुर्चीत बसून सगळे समजावून सांगतो, हे दहाव्या कथेत ओळखीचे होते. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांच्यामुळे मराठी विज्ञानकथा अधिक रुंद झाली. जावडेकरांकडे माणसाच्या मनाची जी ओढ आहे, ती नारळीकरांकडे मला सापडत नाही.

त्यांच्या 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ती नगरे बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, प्रकृतीमुळे प्रत्यक्ष जाऊ शकले नाहीत. कराडला जिच्याबद्दल दोन शब्द बोलले गेले होते, ती विज्ञानकथा शेहेचाळीस वर्षांनी अध्यक्षपदापर्यंत पोचली. २०२३ मध्ये मंगलाताई गेल्या, त्या स्वतः गणितज्ञ होत्या. २० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकर गेले.

व्याख्यानानंतर मुले वह्या घेऊन सहीसाठी गराडा घालत. ते वहीवर सही देत नसत. पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठवा, असे सांगत. मग काही दिवसांनी उत्तराचे कार्ड घरी येई आणि उत्तराच्या खाली सही असे.