पेटीतला कण आणि एक अष्टमांश

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांत पदवीच्या वर्गांना ‘पेटीतला कण’, म्हणजे भिंतींत कोंडलेल्या कणाचे उदाहरण, श्रोडिंगरच्या १९२६ सालच्या समीकरणानंतर शिकवला जातो, त्यामुळे पुंज अवस्थांची (कणाला शक्य असलेल्या ठरावीक स्थितींची) मोजदाद १९२६ नंतरच सुरू झाली असावी असा समज सहज होतो. प्रत्यक्षात ही मोजदाद त्या समीकरणाहून पाव शतकाने जुनी असून ती प्रथम कणांसाठी नव्हे, तर तापलेल्या पोकळीतल्या प्रारणासाठी झाली.

१९०० साली लॉर्ड रॅले यांनी घनाकृती पोकळीत प्रकाशाच्या किती स्थिर लहरी मावतात, याचा विचार ध्वनिशास्त्रातल्या पद्धतीने केला. प्रत्येक लहर तीन पूर्णांकांनी ठरते. हे तीन अंक म्हणजे एक बिंदू मानला, की ठरावीक वारंवारतेच्या आतल्या लहरी मोजणे म्हणजे गोलातले बिंदू मोजणे होते, आणि प्रत्येक बिंदूच्या वाट्याला एक एकक घनफळ येत असल्याने गोलाचे घनफळ काढले तरी पुरते. जांभ्याच्या चिऱ्यांची रास पाहून गवंडी तिच्या आकारमानाला एका चिऱ्याच्या आकारमानाने भागतो, तसाच हा हिशोब आहे; रास मोठी असेल तर कडेची चूक नगण्य ठरते.

१९०५ साली रॅले यांनी या मोजणीवर उभ्या असलेल्या प्रारणाच्या नियमातला स्थिरांकही काढला, पण तो आठपट मोठा आला, कारण त्यांनी ऋण पूर्णांकही वेगळे धरले होते. दोन भिंतींमधली स्थिर लहर पूर्णांकाचे चिन्ह बदलल्याने बदलत नाही, म्हणून गोलाचा अष्टमांशच घ्यायला हवा, हे जेम्स जीन्स यांनी त्याच वर्षी दाखवले आणि रॅले यांनी ते मान्य केले. परीक्षेत आजही नेमके याच ठिकाणी गुण जातात. ज्यांचे जातात त्यांना निदान सोबत तरी चांगली आहे.

पेटी घनाकृतीच का, हा प्रश्न लोरेंट्झ यांनी १९१० साली ग्योटिंगेनच्या व्याख्यानांत मांडला. पुढच्याच वर्षी हेर्मान वाइल यांनी सिद्ध केले की उच्च वारंवारतेला ही संख्या पोकळीच्या आकारावर नव्हे, तर केवळ घनफळावर अवलंबून असते. पाठ्यपुस्तके या निष्कर्षाला क्वचितच एखादी ओळ देतात, पण घनाकृती पेटीचे उत्तर इतर आकारांना बिनदिक्कत लावण्याचा अधिकार त्यानेच दिला आहे.

१९२४ साली ढाका विद्यापीठातल्या सत्येंद्रनाथ बोस यांनी लहरींचा आधारच सोडला. स्थान आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग या राशीचे पुंज रूप) यांच्या संयुक्त अवकाशाचे प्लांकच्या स्थिरांकाच्या घनाएवढे कप्पे पाडून त्यांनी प्रकाशकणांच्या अवस्था मोजल्या आणि ध्रुवणासाठी, म्हणजे प्रकाशाच्या कंपनाच्या दोन स्वतंत्र दिशांसाठी, संख्या दुप्पट केली. श्रोडिंगरच्या समीकरणातून बंदिस्त कणाच्या अवस्था निघाल्या, तेव्हा संख्या हीच आली. इलेक्ट्रॉनसाठी दुप्पट मात्र स्पिनमुळे, म्हणजे दोनच मूल्ये घेणाऱ्या त्याच्या अंगभूत गुणधर्मामुळे, करावी लागते. कणाची ऊर्जा तीन पूर्णांकांच्या वर्गांच्या बेरजेच्या प्रमाणात असल्यामुळे अवस्थांची घनता (ऊर्जेच्या एककामागे येणाऱ्या अवस्थांची संख्या) ऊर्जेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते, आणि धातूंतल्या इलेक्ट्रॉनांसाठी झोमरफेल्ट यांनी १९२७-२८ मध्ये तिचाच उपयोग केला.

ऋण पूर्णांक एका ठिकाणी मात्र रास्त ठरतात. बॉर्न आणि फोन कार्मान यांनी १९१२ साली वापरलेल्या आवर्ती सीमा-अटींत (पेटीच्या एका कडेला लहर जशी, तशीच समोरच्या कडेला असावी, या अटींत) पूर्ण गोल घ्यावा लागतो, पण तेथे बिंदूंमधले अंतर तिन्ही दिशांना दुप्पट असल्यामुळे आठाला आठाने भाग जाऊन उत्तर तेच राहते.

घनफळाचा हा हिशोब लहान पेटीत चालत नाही. बाजू १ नॅनोमीटर असेल तर इलेक्ट्रॉनच्या पहिल्या दोन पातळ्यांत सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे (हे अणूंच्या पातळीवरच्या ऊर्जेचे एकक) अंतर पडते आणि अवस्था एकेक करूनच मोजाव्या लागतात. वर्गांची बेरीज २७ असलेल्या पातळीवर १, १, ५ यांच्या तीन मांडण्या आणि ३, ३, ३ ही एक, अशा चार अवस्था येतात. स्पिन धरला तर आठ.