आतड्यातल्या पेशी स्वतःचाच डीएनए का कापतात?

लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आतून काही लांबट चट्टे दिसतात. योहान पेयर या स्विस वैद्याने १६७७ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून ते पेयरचे चट्टे. आसपासचं अस्तर मखमलीसारखं, पण इथे बारीक गुळगुळीत घुमट. या घुमटांखाली बी पेशी, म्हणजे जंतूंना चिकटणारी प्रथिनं (प्रतिपिंडं) बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी, आयुष्यभर आपलाच डीएनए कापत आणि बदलत असतात.

पहिली कापणी त्याआधीच हाडांच्या मगजात झालेली असते. १४ व्या गुणसूत्रावर प्रतिपिंडाच्या जड साखळीच्या (त्याच्या मोठ्या भागाच्या) जनुकाचे तीन प्रकारचे तुकडे सुटे पडलेले असतात : व्ही चाळीसेक, डी वीस-पंचवीस, जे सहा. प्रत्येक बी पेशी यातला एकेक निवडते, मधला डीएनए कापून टाकते आणि टोकं सांधते. सांध्यावर डीएनएची चार-दोन अक्षरं कमीजास्त होतात, त्यामुळे प्रत्येकीचं प्रतिपिंड वेगळं. सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला उंदरांच्या पेशींत हे दाखवलं. १९८७ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं.

आतड्यात पुढचा अध्याय घडतो. घुमटावरच्या एम पेशी तिथले जिवाणू उचलून आत देतात. त्यांना चिकटणारी बी पेशी भराभर वाढू लागते आणि तिच्यात ‘एड’ हे एन्झाइम कामाला लागतं. तासुकू होंजो यांच्या क्योतोतल्या गटाने १९९९ मध्ये ते शोधलं. एड डीएनएतल्या ‘सी’ या अक्षराचं ‘यू’ करतं. डीएनएत ‘यू’ला जागाच नाही, म्हणून दुरुस्ती सुरू होते आणि तिच्यात चुका राहतात, एरवीपेक्षा सुमारे दहा लाख पट वेगाने. जिची चूक जिवाणूला जास्त घट्ट धरते, ती पेशी टिकते. इतरत्र हे सारं संसर्ग झाला की चालू होतं. आतड्यात जिवाणू कायमचेच, त्यामुळे कामही कायमचं.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो याच एन्झाइमने घडवलेला वर्गबदल, म्हणजे जिवाणूला धरणारं टोक तेच ठेवून प्रतिपिंडाचा प्रकार बदलणं. प्रकार ठरवणाऱ्या जनुकांची रांग ठरलेली असते : म्यू, डेल्टा, दोन गॅमा, अल्फा-१, पुन्हा दोन गॅमा, एप्सिलॉन आणि अगदी शेवटी अल्फा-२. म्यूवरून अल्फावर जायचं तर मधला डीएनए वेटोळं होऊन कायमचा गळून पडतो. अल्फा-१ वर थांबलेली पेशी पुढे अल्फा-२ वर जाऊ शकते, पण अल्फा-२ वरून परत फिरता येत नाही. काही जिवाणू अल्फा-१ प्रतिपिंडाची लांब मान कापतात. अल्फा-२ ची मान आखूड, तिथे त्यांची कात्री सहसा चालत नाही. जिवाणूंची सर्वाधिक गर्दी असलेल्या मोठ्या आतड्यात अल्फा-२ वाल्या पेशी जास्त सापडतात, त्या उगीच नव्हे.

या पेशी रोज काही ग्रॅम आयजीए, म्हणजे अल्फा प्रकारचं प्रतिपिंड, तयार करतात. ते जिवाणूंना मारत सुटत नाही, त्यांना लपेटून आतड्याच्या भिंतीपासून दूर ठेवतं. ‘युद्ध’ हा शब्द इथे मला पटत नाही.

बाळंतपणानंतर अशाच काही पेशी आतड्यातून आईच्या स्तनांत जातात आणि दुधात आयजीए सोडतात. पहिल्या दिवसांच्या पिवळसर चिकात ते सर्वाधिक असतं. आपल्याकडे काही घरांत अजून तो पिळून टाकतात आणि बाळाला मध चाटवतात, याचं फार वाईट वाटतं. बाळाच्या स्वतःच्या आतड्यात अशा पेशी दिसू लागायला काही आठवडे जावे लागतात. तोवर त्याच्याकडे आईचंच आयजीए असतं.