शनिवार दुपार ते सोमवार दुपार : पोरांच्या यकृताचं गणित

"एक दिवस कमी खाल्लं म्हणून पोरगं मरतंय व्हय?" शाळेतल्या गरजू मुलांना रविवारसाठीही काही खायला द्यावं, असा विषय काढला की कोल्हापुरात हे उत्तर हमखास येतं. पाठोपाठ एकादशी आणि संकष्टीचे दाखले येतात. मरत नाही, हे खरंच. पण मोठ्या माणसाचा उपवास आणि लहान पोराचं उपाशी राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो वेगळेपणा कळायला यकृतात डोकवावं लागतं.

आधी वेळापत्रक. शनिवारी आपल्याकडे सकाळची शाळा. सुटताना खिचडी पोटात गेली, तर शाळेतलं पुढचं ताट थेट सोमवारी दुपारी. मध्ये 48 तास. पहिली ते पाचवीच्या ताटात 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं असावीत, असा नियम आहे. आई-बाप पहाटेच उसाच्या फडात किंवा इचलकरंजीत मागाच्या पाळीला गेलेले असले, तर कित्येक घरांत पोराचं दिवसातलं सर्वांत धड जेवण हेच. रविवारी मग चहा आणि बटर.

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात 1990च्या दशकात एका शाळेतल्या परिचारिकेच्या लक्षात आलं की पोट दुखतं म्हणून येणारी मुलं आजारी नाहीत, भुकेली आहेत. तिथल्या एका अन्नपेढीने सुट्टीपुरतं खाणं मुलांच्या दप्तरात, गाजावाजा न करता, घालून द्यायला सुरुवात केली. ही पद्धत पुढे त्या देशभर पसरली.

आता यकृत. जेवणातला भात पचून ग्लुकोज होतो, आणि लगेच न लागणारं ग्लुकोज यकृत ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं. मोठ्या माणसात हा साठा भरल्या पोटी 80 ते 100 ग्रॅम असतो. पाच वर्षांच्या मुलाचं यकृत अर्ध्या किलोच्या आसपास, त्यामुळे साठा जेमतेम 25-30 ग्रॅम. मेंदू मात्र या वयात मोठ्या माणसाच्या मेंदूच्या 90 टक्के वजनाचा झालेला असतो, आणि दर ग्रॅममागे जास्त ग्लुकोज खातो. 2014 साली क्रिस्टोफर कुझावा या मानवशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या हिशेबानुसार पाच वर्षांच्या सुमारास मेंदू दिवसाला 150 ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज वापरतो. विश्रांतीत शरीर खर्च करतं त्या ऊर्जेचा जवळपास दोन-तृतीयांश वाटा एकट्या मेंदूचा! आठ-नऊ वर्षांपर्यंतही ही भूक फारशी ओसरत नाही. थोडक्यात, कोठार लहान आणि खाणारा मोठा. नुसत्या साठ्यावर मेंदू सोडला, तर चार-पाच तासांत खडखडाट.

स्नायूंतही ग्लायकोजेन असतंच की, असं कोणी म्हणेल. असतं, आणि यकृतापेक्षा जास्त असतं. पण इथे मला फार आवडणारी एक गंमत आहे. ग्लायकोजेन तुटून मिळालेल्या ग्लुकोजला फॉस्फेटचा एक गट चिकटलेला असतो, आणि तो असेपर्यंत ते पेशीच्या बाहेर पडू शकत नाही. तो गट काढणारं विकर, ग्लुकोज-6-फॉस्फेटेज, यकृतात आहे; स्नायूंत नाही. मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांची थप्पी लागलीय, पण गाडीला गेटपासच नाही, अशातली ही गत. स्नायूंतला साठा स्नायूंनीच वापरायचा.

मग रक्तातली साखर टिकते कशी? ग्लुकॅगॉन, अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं वाढतात. कॉर्टिसॉलच्या हुकुमाने स्नायूंतली प्रथिनं मोडायला लागतात. त्यातून सुटलेला नायट्रोजन ग्लुकोज मोडून तयार होणाऱ्या पायरुव्हेटवर चढतो, अ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल बनतं, ते रक्तातून यकृतात जातं. तिथे नायट्रोजनचा युरिया होतो आणि उरलेल्या कार्बनच्या सांगाड्याचं ग्लुकोज. चरबीतल्या मेदाम्लांपासून ग्लुकोज करता येत नाही. त्यांची कीटोनं होतात आणि मेंदू तीही जाळतो. मोठ्या माणसात कीटोनं जोर धरायला दोन-तीन दिवस लागतात, मुलांत दिवसभराच्या आत. तेव्हा सोमवारी वर्गात बसलेल्या पोराची साखर सहसा कोसळलेली नसते. ती जागेवर ठेवायला जी प्रथिनं खर्ची पडली, ती उंची आणि वजन वाढवायला लागणार होती.

व्हॉट्सअ‍ॅपवर उपवासाने 'ऑटोफॅजी' (पेशीने स्वतःचेच टाकाऊ भाग पचवणं) होऊन शरीर शुद्ध होतं, असे संदेश फिरत असतात, वर नोबेलचा हवाला. योशिनोरी ओसुमी यांना 2016चं नोबेल मिळालं, पण ते यीस्टच्या पेशींतली यंत्रणा उलगडल्याबद्दल. वाढत्या पोराला उपाशी ठेवावं, असं त्यातून कुठल्याही तर्काने निघत नाही.

जमैकात 1989 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे महत्त्वाचा. नऊ-दहा वर्षांच्या त्याच मुलांची एकदा नाश्ता देऊन आणि एकदा न देता चाचणी घेतली. नाश्ता चुकला तेव्हा कुपोषित मुलांची कामगिरी घसरली. चांगल्या पोसलेल्या मुलांची घसरली नाही. म्हणजे एकादशीचा दाखला देणाऱ्याच्या घरातल्या पोराला कदाचित खरंच काही होत नसेल.

आता दप्तरात घालायचं काय? कोविडच्या काळात शाळा बंद असताना पालकांना तांदूळ आणि कडधान्यं दिली होती. ते तेव्हा ठीक होतं, पण घरात मोठं कोणी नसताना आठ वर्षांच्या पोराने चूल पेटवायची का? पुडा फोडून खाता येईल असंच हवं, आणि ते इथेच मिळतं. 100 ग्रॅम फुटाणे, 100 ग्रॅम भाजके शेंगदाणे आणि 50 ग्रॅम गूळ यांत साधारण 1,100 कॅलरी आणि 45 ग्रॅम प्रथिनं येतात, म्हणजे शाळेतल्या दोन ताटांपेक्षा जास्त. परदेशी बिस्किटांची किंवा 'प्रोटीन पावडर'ची काही गरज नाही.

अडचण एकच, आपला पाऊस. दमट हवेत शेंगदाण्यावर अ‍ॅस्परजिलस ही बुरशी वाढते आणि तिचं अफ्लाटॉक्सिन हे विष नेमकं यकृतावरच घाव घालतं. भाजल्याने ते पूर्ण जात नाही. त्यामुळे शेंगदाणा आधी निवडायचा, सुरकुतलेला आणि खवट वासाचा दाणा टाकायचा, मगच भाजून हवाबंद करायचा. जुलै-ऑगस्टमध्ये तर शेंगदाणा सरळ कमी करून फुटाणे वाढवावेत.