आपला आकार न सांगणारी डिस्क

देवगडच्या घरी माळ्यावर ठेवलेला २८६ (८०२८६ चिपवरचा जुना) संगणक मे महिन्यात खाली काढला. खाऱ्या, दमट हवेत बोर्डावरची बॅटरी फुटून आजूबाजूला हिरवी पुटे चढली होती आणि हार्ड डिस्कच्या लेबलाला कसर लागली होती. बोर्ड साफ करून सुरू झाला. लेबल मात्र गेले ते गेलेच, आणि मला खरी हळहळ त्याचीच वाटली. कारण डिस्कचा आकार, म्हणजे तिच्यातल्या जागेची मांडणी, लेबलावरून कळली असती; १९८०च्या दशकातल्या या एमएफएम (डेटा नोंदवण्याची तेव्हाची एक पद्धत) डिस्कना स्वतःला तो सांगताच येत नाही.

डिस्ककडून कन्ट्रोलरला (डिस्क चालवणाऱ्या कार्डाला) मिळणारे इशारे मोजकेच: मी तयार आहे, हेड (वाचणारे-लिहिणारे टोक) शून्य ट्रॅकवर (तबकडीवरच्या पहिल्या वर्तुळावर) आहे, हेड जागेवर पोचले, तबकडीची एक फेरी झाली. सिलिंडर (सगळ्या हेडखालचे एकाच क्रमांकाचे ट्रॅक) किती, हेड किती, हे कळवणारी तारच नाही. म्हणून १९८४च्या आयबीएम एटीत डिस्कच्या प्रकाराचा क्रमांक बॅटरीवर जगणाऱ्या सीमॉस नावाच्या छोट्या मेमरीत नोंदवत. ‘टाइप २’ म्हणजे ६१५ सिलिंडर, ४ हेड, प्रत्येक ट्रॅकवर १७ सेक्टर (ट्रॅकचे तुकडे). ५१२ बाइटचा एक सेक्टर धरला तर सुमारे २१४ लाख बाइट. बॅटरी संपली की ही नोंद पुसली जाते, डेटा मात्र जागेवरच असतो. (पुढे आलेल्या आयडीई प्रकारच्या डिस्क मात्र विचारले की आपली सगळी माहिती ५१२ बाइटमध्ये देतात.)

मग माझ्या डिस्कचा आकार कळणार कसा? तबकडीवरूनच. फॉरमॅट करताना प्रत्येक सेक्टरच्या आधी त्याचा पत्ता लिहिलेला असतो: सिलिंडर, हेड, सेक्टर. मागितलेला पत्ता फिरत्या तबकडीवर सापडला नाही, तर कन्ट्रोलर तसे स्पष्ट कळवतो. मला एवढे पुरेसे होते.

फ्लॉपीवरून छोटा प्रोग्राम चालवला, फक्त वाचणारा. अशा डिस्कवर फॉरमॅटची आज्ञा चुकूनही जाता कामा नये. सेक्टर १७ सापडला, १८ नाही. हेड ० ते ३ सापडली, ४ नाही. सिलिंडरांना वेळ लागला. एखादा सेक्टर खराब असला तरी ‘पत्ता नाही’ असेच उत्तर येऊ शकते, म्हणून प्रत्येक सिलिंडरवर तीन-चार ठिकाणी वाचून पाहिले. ६१४ सापडला. ६१५वर कुठेच काही नाही, पुढेही नाही. मोजणी शून्यापासून, म्हणजे एकूण ६१५.

सीमॉसमध्ये २ लिहिले. डिस्कवरून डॉस (त्या काळची ऑपरेटिंग सिस्टिम) सुरू झाले, आणि आंब्याच्या पेट्यांचे जुने हिशेब एकेक करून उघडत गेले.