टूनाची आकडेवारी आयओटीसीकडे पाठवताना नेमकं कुठे अडतं

टूना देशांच्या सीमा ओलांडत पोहतो. त्यामुळे सगळ्या देशांनी एकाच मापाने मोजणी केली, तरच समुद्रात किती साठा उरला आहे याचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी हिंद महासागर टूना आयोगाने, म्हणजे आयओटीसीने, ठराव 15/02 मध्ये नियम घालून दिले आहेत. तरीही त्याच त्या त्रुटी येत राहतात.

माहिती पाठवायची ती सदस्य किंवा सहकारी देशाने. नौकामालकाने ती आपल्या देशाच्या मत्स्य विभागाकडेच द्यायची. पकड कोणाच्या खात्यात धरायची? नौकेवर ज्या देशाचा झेंडा, त्याच्या. मासळी परक्या बंदरात उतरली तरीही. हे न पाहिल्याने एकच पकड दोनदा मोजली जाते किंवा दोन्हीकडून सुटते.

कागद नेहमीचेच: नौकांची यादी, लॉगबुक (समुद्रातल्या पकडीची नोंद), उतरणीची म्हणजे बंदरात उतरवलेल्या मासळीची नोंदवही, माशांच्या लांबीची मोजमापं. लॉगबुकातली पकड महिन्यानुसार आणि अक्षांश-रेखांशाच्या चौकटीनुसार मांडायची: लाँगलाइनसाठी (अनेक गळ लावलेली लांब दोरी) 5 अंशांची चौकट, पर्ससीनसाठी (थव्याभोवती टाकायचं वेढा-जाळं) 1 अंशाची.

खरी अडचण वजनाची. हवं असतं अख्ख्या माशाचं वजन, पण बंदरावर काट्यावर चढतो तो पोट साफ केलेला, कधी डोकं उडवलेला मासा. मग रूपांतर गुणक, म्हणजे साफ केलेल्या माशाच्या वजनावरून अख्ख्याचं वजन काढायचा आकडा, लागतो, आणि तो कोणत्या मोजणीतून काढला याचा कागद बहुतेकांकडे नसतो. गुणक वापरलात तर तो कुठून आला हे लिहाच. नाहीतर तुमचा आकडा शेजारच्या देशाच्या आकड्याशी जोडायचा कसा?

दुसरी अडचण जातीची. यलोफिन आणि बिगआय या टूनाच्या दोन जाती; त्यांचे लहान मासे ओळखताना गफलत होते, म्हणून सगळं ‘इतर टूना’ या कोडखाली ढकललं जातं. मग आयोगाला ते अंदाजाने वाटून घ्यावं लागतं. कृपा करून उतरणीच्या वेळीच नमुने घ्या, नंतर ते हाती येत नाहीत.

मुदत 30 जून, आकडे मागच्या वर्षाचे. 30 डिसेंबर ही तारीख खुल्या समुद्रातल्या (कोणत्याही देशाच्या हद्दीबाहेरच्या) लाँगलाइन नौकांच्या अंतिम आकड्यांची आहे; त्यांचेही तात्पुरते आकडे जूनमध्येच द्यायचे. ही ओळ फार जण अर्धवट वाचतात.

पकड झालीच नसेल, तर शून्य लिहा. रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. ठराव 18/07 नुसार एखाद्या जातीची पकड, शून्यसुद्धा, कळवली नाही, तर माहिती देईपर्यंत ती जात नौकेवर ठेवायला बंदी येऊ शकते. कार्यालयात राहून गेलेल्या एका रकान्याचा फटका बसतो तो समुद्रात गेलेल्या माणसाला.