मोबाइल नंबर हा वाय-फायचा पासवर्ड नव्हे

वाय-फायचा पासवर्ड विचारला की आपल्याकडे पुष्कळ घरांत उत्तर मिळतं, "बाबांचा मोबाइल नंबर." दहा आकडे आहेत, म्हणून तो भक्कम वाटतो. किती भक्कम, ते मोजून पाहू.

फोन राउटरला जोडला जाताना पासवर्ड हवेतून जातच नाही. दोघं एकमेकांना एकेक यादृच्छिक संख्या कळवतात, त्या संख्या आणि पासवर्ड मिळून आपापल्या जागी किल्ली घडवतात आणि किल्ली जुळल्याची फक्त खूण दाखवतात. फार सुंदर युक्ती आहे ही. पण हे बोलणं जिन्यात उभं राहूनही टिपता येतं. टिपणारा ते लॅपटॉपवर घेऊन निघून जातो आणि एकेक पासवर्ड घालून तीच खूण उमटते का ते तपासत बसतो. राउटरला याचा पत्ताही लागत नाही. मग तो अडवणार कुणाला?

वाय-फायला कुलूप घालणाऱ्या, २००४ साली आलेल्या डब्ल्यूपीए-२ पद्धतीत दर अंदाजामागे ४०९६ फेऱ्यांचं गणित करावं लागतं, ते मुद्दाम वेळ जावा म्हणूनच. तरीही ताकदवान ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाख अंदाज तपासतं. आपले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे शक्यता जास्तीत जास्त ४०० कोटी. भागाकार केला की उरतात ४००० सेकंद. तास-सव्वा तासाचं काम!

आता ५००० साध्या शब्दांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून चार शब्द उचला. भोपळा, वादळ, चावी, सतरंजी असे काहीही (हेच मात्र नकोत). त्याच वेगाने सगळ्या शक्यता संपायला सुमारे २० वर्षं लागतील. पाचवा शब्द जोडलात तर लाखभर वर्षं. चिठ्ठ्या खरंच टाका. मनाने निवडायला गेलं की मुलांची आणि देवाचीच नावं सुचतात. राउटरमध्ये २०१८ ची डब्ल्यूपीए-३ पद्धत असेल तर तीच निवडा. तिच्यात प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी नव्याने बोलावंच लागतं, घरी नेऊन तपासण्याची सोय नाही.

एक मागचं दार मात्र विसरू नका. डब्ल्यूपीएस म्हणजे पासवर्डऐवजी पिन घालून फोन राउटरला जोडण्याची सोय. तिचा आठ आकडी पिन दिसायला मोठा. पण राउटर पहिले चार आकडे वेगळे तपासतो, पुढचे तीन वेगळे, आणि आठवा आधीच्या सातांवरूनच ठरतो. २०११ साली हे उघड झालं: १०,००० अधिक १,०००, फार तर ११,००० प्रयत्न पुरतात. पिन सापडला की राउटर पासवर्ड स्वतःच सांगून टाकतो, मग तो कितीही लांब असो. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन डब्ल्यूपीएस आजच बंद करा आणि त्या सेटिंगचा कंपनीने दिलेला पासवर्डही तिथेच बदला.