कामाला विटलात की कंपनीला?

रविवारी रात्री जेवणं आटोपली की पोटात गोळा येतो. उद्या सोमवार. मग हात मोबाइलकडे जातो, नोकरी डॉट कॉमवरचा प्रोफाइल जरा सारखा केला जातो, आणि तेवढ्यावर झोप लागते. मी हे जवळजवळ वर्षभर केलं. गोळा कशाचा, हे मात्र एकदाही पाहिलं नाही.

तो दोन प्रकारचा असतो. एकात कामच नकोसं झालेलं असतं. दुसऱ्यात काम ठीक असतं, पण ते जिथे करायचं ती जागा नकोशी होते: साहेब, शिफ्ट, मीटिंगा, हिंजवडीचा ट्रॅफिक. पोटात दोन्ही सारखेच दुखतात आणि तोंडून वाक्यही एकच निघतं, "सोडायचीय ही नोकरी." पुढचे रस्ते मात्र उलट दिशेचे. कंपनीला विटलात तर काम तेच ठेवा, कंपनी बदला. कामाला विटलात तर कदाचित कंपनी सोडायचीच नसते.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होतो. आमचा मॅनेजर रोज संध्याकाळी पावणेसातला, म्हणजे बस निघायच्या बरोबर पंधरा मिनिटं आधी, कॉल लावायचा. सगळं खापर मी त्याच्या डोक्यावर फोडलं आणि सव्वाचार वर्षांनी राजीनामा दिला. ग्रॅच्युइटीला कायम नोकरीत सलग पाच वर्षं लागतात, हे माहीत असूनही. दरवर्षामागे पंधरा दिवसांचा मूळ पगार गेला पाण्यात. नवी नोकरी खराडीला, पगार तीस टक्के जास्त, साहेब देवमाणूस. सातव्या महिन्यात, रविवारी रात्री, गोळा हजर.

तेव्हा कुठे दोन आठवडे रोजची चिडचिड वहीत लिहिली. शाळेतलं व्याकरण इथे कामी आलं: तक्रारीच्या वाक्यात कर्ता ठळक आहे की क्रियापद, ते बघायचं. 'याने पुन्हा सुट्टी नाकारली', 'एचआरने क्लेम परत पाठवला' अशी वाक्यं असतील तर रोख माणसांवर आणि जागेवर आहे. माझ्या वहीत होतं: 'तेच लॉगिन पेज चौथ्यांदा तपासलं.' 'स्क्रीनशॉट काढून एक्सेलमध्ये चिकटवले.' 'दिवसभर क्लिक करत बसलो.' दोन आठवड्यांत साहेबाचं नाव एकदाही नाही. मग जुन्या नोकरीतले मित्राला पाठवलेले मेसेज उघडले. पावणेसातच्या शिव्यांच्या मध्येमध्ये हीच वाक्यं तिथेही होती.

माझ्या एका मैत्रिणीचं नेमकं उलट झालं. ती भोसरीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघायची. आपल्याला अकाउंट्सचाच वीट आलाय, असं ठरवून तिने डेटा अ‍ॅनालिटिक्सच्या कोर्सला पैसे भरले. खरी भानगड वेगळी होती. जीएसटीचं ३बी रिटर्न दर महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचं, आणि मालक १९ तारखेच्या रात्री बिलांची पिशवी आणून टेबलावर ओतायचा. उशीर झाला की लेट फीवरून बोलणी हिलाच. मालक आठवडाभर तिरुपतीला गेला, तो तिचा वर्षातला सगळ्यात सुखाचा आठवडा. खरेदीची बिलं २बीशी, म्हणजे जीएसटी पोर्टलवर आपोआप तयार होणाऱ्या खरेदीच्या यादीशी, टॅली झाली की ती आजही "जुळलं!" असं मोठ्याने म्हणते. अशा माणसाने अकाउंट्स कशाला सोडायचे? कोर्स अर्धवट राहिला. आता ती एका सीएकडे तीच रिटर्नं भरते आणि २० तारखेला वेळेवर घरी जाते.

साहेब रजेवर असतानाचा आठवडा ही म्हणूनच चांगली परीक्षा आहे. गोळा गेला तर दुखणं कंपनीचं. उरला तर कामाचं. (फक्त पगार कमी पडत असेल तर एवढं खोलात जाऊ नका. वाढ मागा, नाही मिळाली तर निघा.)

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये, सुमारे दोनशे इंजिनिअर आणि हिशेबनीसांच्या मुलाखतींवरून, हाच फरक मांडला होता. वाईट दिवसांच्या गोष्टींत कंपनीची धोरणं, वरिष्ठ, कामाची परिस्थिती यायची; चांगल्या दिवसांच्या गोष्टींत स्वतः काम, जमलेलं काहीतरी, मिळालेली दाद. म्हणजे त्रास गेला की आनंद आपोआप येत नाही. त्यांच्यावर एक आक्षेप घेतला गेला की चांगल्याचं श्रेय माणूस स्वतःकडे घेतो आणि वाईट दुसऱ्यावर ढकलतो. मला हा आक्षेपच जास्त पटतो. पावणेसातचा कॉल दोष द्यायला किती सोयीचा होता!

या दोन्हींवर धूळ टाकणारी तिसरी गोष्ट म्हणजे थकवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली. त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटलं आणि खुणा तीन सांगितल्या: शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं, आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. या अवस्थेत काम आणि कंपनी दोन्ही सारखीच काळी दिसतात. आधी सुट्टी काढा, वही नंतर.

दुखणं कंपनीचं निघालं तर मुलाखतीत उलट प्रश्न विचारा: या जागेवर आधी कोण होतं, का गेलं, टीममधल्या कुणाशी बोलता येईल का. कामाचं निघालं तर आधी आपल्याच कंपनीतल्या रिकाम्या जागा बघा. नव्वद दिवसांची नोटीस नाही आणि ग्रॅच्युइटीची वर्षंही तुटत नाहीत. मी देवमाणूस साहेबालाच जाऊन सांगितलं. त्याने चार महिने लावले, पण मला डॉक्युमेंटेशनमध्ये बदलून दिलं. डेस्क तेच आहे, आणि वरचा एसी अजून गळतो.